‘मी असते तर सिझर घेतलं असतं’ म्हणणाऱ्या डॉक्टरांकडचं बाळंतपण

बाळंतपण शेवटी सिझरनेच झालं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारीला वाटत राहील की नॉर्मल झालं म्हणून ही बाई एवढं कौतुक करतेय. मला हवं होतं ते बाळंतपण मिळालं नाही. तरीही या डॉक्टरांच्या सेवेला मी पाचपैकी चार गुण देते, आणि एक का कापला तेही खाली सविस्तर लिहिते. डॉक्टरांचं आणि हॉस्पिटलचं नाव देत नाही, कारण तक्रारही याच मजकुरात आहे आणि ज्यांच्याबद्दल ती आहे त्यांची बाजू इथे आलेली नाही.

माझं पहिलं बाळ सिझरने झालं. गर्भपिशवीवर खालच्या बाजूला आडवा टाका. असा एकच टाका असेल तर पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येतो, आणि बहुतेक जणींना तो पर्याय द्यावा असं मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. तिथपर्यंत मी चाकोरीतच होते. मग दिवस भरले, तारीख उलटली, कळांचा पत्ता नाही. ४१ आठवडे पूर्ण झाले की कळा सुरू करून द्याव्यात अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आधीचं सिझर असेल तर बरेच डॉक्टर या टप्प्यावर सरळ दुसरं सिझर सुचवतात. मला दोन्ही नको होतं. कळा आपोआप येण्याची आणखी थोडी वाट बघायची होती, आणि हे त्या शिफारशीत बसत नव्हतं.

आधी ज्यांच्याकडे नाव घातलं होतं, त्या डॉक्टरांनी विषय दोन वाक्यांत संपवला होता. “माझ्याकडे असं चालत नाही. बाळाला काही झालं तर जबाबदार कोण?” पाठोपाठ टेबलावर एक छापील फॉर्म. मी विम्याचे दावे तपासते, दिवसभर असेच कागद वाचते. त्या फॉर्मवर लिहिलं होतं, ‘सर्व धोके मला समजावून सांगण्यात आले असून ते मला समजले आहेत.’ धोके लिहायच्या जागी रिकामी रेघ. खाली माझी सही, नवऱ्याची सही, तारीख. उद्या वाद झाला तर अशा कागदाने डॉक्टरांचाही बचाव होणार नाही.

त्या डॉक्टरांना नकार द्यायचा अधिकार नव्हता असं मी म्हणत नाही. रात्री भूलतज्ज्ञ जागेवर नसतात, ऑपरेशन थिएटर उभं करायला वेळ लागतो, एकट्या माणसाला चोवीस तास लक्ष ठेवणं झेपत नाही, ही सगळी प्रामाणिक कारणं आहेत. ‘माझ्याकडे ही सोय नाही, जिथे आहे तिथलं पत्र देते’ एवढं म्हटलं असतं तर मी त्यांचे आभार मानले असते. ‘जबाबदार कोण’ या प्रश्नातून बाईला काहीच कळत नाही, ती फक्त घाबरते. घाबरलेल्या बाईची सही म्हणजे संमती नव्हे.

फाइल घेऊन मी या डॉक्टरांकडे आले. पहिल्याच भेटीत मॅडमनी दोन प्रश्न विचारले जे तोवर कुणी विचारले नव्हते. पहिल्या सिझरच्या वेळचं तुम्हाला काय आठवतं? आणि तुम्हाला अजून किती मुलं हवी आहेत?

दुसरा प्रश्न मला आधी खासगी वाटला, पण त्यामागे सरळ वैद्यकीय कारण होतं. मला तिसरं मूल हवं आहे. दर सिझरनंतर पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यात रुतून बसण्याचा धोका वाढतो. वार अशी रुतली तर ती सुटत नाही, रक्तस्राव थांबत नाही आणि कधी कधी पिशवीच काढावी लागते. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीस हजारांवर बायकांच्या अभ्यासात हे प्रमाण दुसऱ्या सिझरच्या वेळी ०.३१ टक्के, तिसऱ्या वेळी ०.५७ आणि चौथ्या वेळी २.१३ टक्के दिसलं. म्हणजे ज्या बाईला दोनच मुलं हवीत तिचा हिशोब वेगळा आणि माझा वेगळा. शिफारस सगळ्यांसाठी एकच असते. हा फरक समोरच्या बाईला विचारल्याशिवाय कळत नाही.

४१ आठवडे पूर्ण व्हायच्या सुमाराला खरी बैठक झाली. मॅडमनी कोरा कागद घेतला, चार रकाने आखले: फायदे, धोके, दुसरे पर्याय, आणि काहीच केलं नाही तर. ‘धोका वाढतो’, ‘शक्यता कमी असते’ असली भाषा त्यांनी वापरली नाही. एक टाका असताना नॉर्मलचा प्रयत्न केला तर पिशवी फाटण्याचा धोका २०० पैकी एकीला, म्हणजे १००० पैकी ५. त्याच्याच शेजारी त्यांनी ९९५ हा आकडाही लिहिला. औषधाने कळा सुरू केल्या किंवा वाढवल्या तर तोच धोका दोन ते तीन पट. ठरवून सिझर केलं तर १०,००० पैकी २ पेक्षाही कमी. कळा सुरू करायच्याच झाल्या तर औषधाच्या जेलपेक्षा फोलीचा फुगा (गर्भाशयाचं तोंड उघडायला आत ठेवतात तो) टाक्याला कमी त्रासाचा, आणि मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या टाका असलेल्या बाईला या टप्प्यावर द्यायच्याच नाहीत, हेही त्यातच आलं. आजपर्यंत पिशवी फाटण्याबद्दल मी भीतीच्या स्वरातच ऐकलं होतं. पहिल्यांदा तो धोका मला तीन पर्यायांत शेजारी शेजारी मांडलेला दिसला.

मग त्यांनी माझ्या निर्णयाच्या विरुद्ध जाणारी बाजू मांडली, आणि ती जराही सौम्य केली नाही. दिवस भरल्यावर दर आठवड्याला पोटातच बाळ दगावण्याचा धोका चढत जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दीड कोटी गरोदरपणांची माहिती एकत्र केलेल्या अभ्यासात तो ३७ व्या आठवड्यात हजारी ०.११ आणि ४२ व्या आठवड्यात हजारी ३.१८ निघाला. त्याच वर्षी स्वीडनमधली एक चाचणी मध्येच थांबवावी लागली. ४१ आठवड्यांना कळा सुरू केलेल्या गटात एकही बाळ गेलं नव्हतं, वाट बघणाऱ्या गटातली सहा बाळं गेली होती. दोन्ही गट जवळपास सारखे, प्रत्येकी चौदाशेच्या आतले. हे सांगून मॅडम गप्प बसल्या. मला ते ऐकून रडू आलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी बोलेपर्यंत थांबल्या. मला वाईट वाटेल म्हणून त्यांनी ही बाजू गाळली असती, तर माझा निर्णय अर्ध्या माहितीवर झाला असता.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा माँटगोमेरी निकाल मला कामामुळे माहीत होता. मधुमेह असलेल्या, अंगाने लहान बाईला बाळाचा खांदा अडकण्याचा ९ ते १० टक्के धोका डॉक्टरांनी सांगितला नव्हता. सांगितला तर बायका सिझरच मागतील, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. या बाईच्या जागी असलेल्या कुणाही समंजस व्यक्तीला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगितलाच पाहिजे. वाचताना हे कायद्याचं तत्त्व वाटतं. समोर कोरा कागद, चार रकाने आणि न चुकवलेले आकडे असले की ते प्रत्यक्षात कसं असतं ते कळतं.

मी विचारलं, “मॅडम, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“मी असते तर ४१ पूर्ण झाल्यावर सिझर घेतलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण मला तिसरं मूल नको होतं, आणि मी रोज इथे वाईट केसेस बघते, त्याचाही माझ्या मतावर परिणाम आहे. माझा सल्ला तोच राहील. तुम्ही थांबायचं ठरवलंत तर मी तुमच्यासोबत थांबेन, आणि नीट थांबेन.”

हे उत्तर मी आजवर मैत्रिणींना अनेकदा सांगितलं आहे. डॉक्टरचं स्वतःचं मत असतंच, ते लपवणं मला आदराचं लक्षण वाटत नाही. मत सांगायचं, ते कशातून आलं तेही सांगायचं, आणि तरी समोरच्या बाईचा निर्णय तिच्याकडेच ठेवायचा, हे माझ्या पाहण्यात फार कमी जणांना जमलं आहे. माझ्या नवऱ्याला सिझर हवं होतं. मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याच्या शंकांना उत्तरं दिली, आणि मग दहा मिनिटं मला एकटीला आत बसवून पुन्हा विचारलं की हा निर्णय तुमचाच ना.

त्यांनी स्वतःच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या. मी घरी थांबून कळा बऱ्याच पुढे गेल्यावर यायचं म्हणत होते, त्याला त्यांनी ठाम विरोध केला. “उपचार नाकारायचा तुमचा हक्क पूर्ण आहे. पण एखादी गोष्ट माझ्याकडून करूनच घ्यायची, असा हक्क नाही. जे मला असुरक्षित वाटतं ते मी करणार नाही, आणि तसं तोंडावर सांगेन. तुम्हाला मात्र वाऱ्यावर सोडणार नाही.” अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या आपल्या भूमिकेत हेच मांडलं आहे. निर्णयक्षम बाईला उपचार नाकारायचा हक्क गरोदरपणातही तसाच असतो, आणि तिच्यावर जबरदस्ती करू नये.

बाळाच्या ठोक्यांसाठी सतत पट्टा लावायला माझा आधी विरोध होता, कारण पलंगाला खिळून राहायचं नव्हतं. मॅडमनी कारण सांगितलं. पिशवी फाटायला लागली की बऱ्याचदा पहिली खूण बाळाच्या ठोक्यांतच दिसते, दहापैकी सातेक केसेसमध्ये. दुखण्यावरून ते कळेलच असं नाही. हे ऐकल्यावर मी स्वतःच हो म्हटलं, आणि त्यांनी वायर नसलेला पट्टा मागवून ठेवला म्हणजे मला चालता येईल.

सगळं ठरल्यावर त्यांनी केसपेपरवर स्वतःच्या हाताने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. आमची शिफारस काय, रुग्णाचा निर्णय काय, तिने दिलेलं कारण काय, कोणते धोके कोणत्या आकड्यांनिशी सांगितले, आणि काय झालं तर पुन्हा बोलायचं. शेवटची ओळ होती, ‘रुग्ण कोणत्याही क्षणी निर्णय बदलू शकते.’ एक प्रत माझ्याकडे. मी तपासत असलेल्या कागदांमध्ये इतकी प्रामाणिक नोंद क्वचित सापडते, आणि ती आम्हा दोघींचंही रक्षण करणारी होती.

वाट बघण्याच्या काळात ठोक्यांची पट्टी आणि गर्भजल मोजणारी सोनोग्राफी ठरल्याप्रमाणे होत राहिली. दरवेळी रिपोर्ट चांगला आला की मी सुटकेचा श्वास टाकायचे आणि दरवेळी मॅडम सांगायच्या, “ही आत्ताची बातमी आहे. उद्याची हमी यात नाही.” त्यांनी हे एकदाही सांगायचं टाळलं नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्री कितीही वाजता निघून यायचं, फोन करत बसायचं नाही, हेही तितक्याच वेळा.

बेचाळिसावा आठवडा संपायच्या आत कळा आपोआप सुरू झाल्या. आणि इथे तो कापलेला गुण येतो.

मॅडम त्या रात्री ड्युटीवर नव्हत्या, घरून निघाल्या होत्या. ड्युटी डॉक्टरांनी तपासलं, प्रगती हळू आहे म्हणाले आणि सिस्टरना ऑक्सिटोसिनचं सलाईन लावायला सांगितलं. मला कुणी काही विचारलं नाही. माझ्या लेखी योजनेत स्पष्ट होतं की टाका असल्यामुळे कळा वाढवायचं औषध मॅडमशी आणि माझ्याशी बोलल्याशिवाय सुरू करायचं नाही. कळेच्या मधल्या वेळात मी ते सांगितलं. उत्तर आलं, “भरती होताना सही केलीय ना तुम्ही?”

ती सही भरतीच्या साध्या फॉर्मवरची होती. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्येच सांगितलं आहे की निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही; जीव वाचवण्याची तातडी असेल तरच अपवाद. त्या खटल्यात बाई भुलीखाली असताना आईची संमती घेऊन पिशवी काढली होती, आणि सज्ञान बाईच्या वतीने नातेवाइकाने दिलेली ती संमतीही न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. हे सगळं मला पाठ आहे. पण गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं असताना, पलंगाच्या दांड्याला धरून उभं असताना, कोणती बाई खटले सांगत बसणार? तेव्हा तिच्या वतीने कागदाने बोलायला हवं, आणि माझा कागद केसपेपरच्या चळतीत मागे कुठेतरी होता. सिस्टरनी तो शोधून काढला, सलाईनची बाटली स्टँडवर तशीच न जोडता ठेवली आणि मॅडमना फोन लावला. त्या सिस्टरचं नाव मला लिहायला आवडलं असतं. ड्युटी डॉक्टर वाईट माणूस नव्हते, त्यांच्यावर त्या रात्री अख्खा मजला होता. पण इतक्या मेहनतीने घडवलेली संमती एका व्यक्तीच्या हजेरीवर टिकून असेल, तर ती सेवा अजून पूर्ण झालेली नाही.

मॅडम आल्या. पुढे काही तासांनी ठोके खाली जायला लागले. त्या माझ्या डोळ्यांसमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “ठोके पडतायत आणि लवकर सावरत नाहीत. टाका सुटतोय का ते मला बाहेरून सांगता येणार नाही. आता सिझर करावं असं माझं मत आहे. तुमचं?” मी हो म्हटलं. पुन्हा समजावायची गरज नव्हती, कारण नेमकी ही वेळ आली तर काय, हे आम्ही आधीच बोललो होतो. भूलतज्ज्ञ जागेवर होते. मुलगी जन्मतःच मोठ्याने रडली.

टाका शाबूत होता, पण पातळ झालेला. दुसऱ्या दिवशी मॅडम राउंड संपवून परत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं की काल रात्रीच्या कोणत्या गोष्टीबद्दल अजून मनात काही आहे का. थांबलो असतो तर काय झालं असतं, या माझ्या प्रश्नावर त्यांनी सरळ सांगितलं की ते कुणालाच सांगता येणार नाही. ‘बघा, मी म्हणत होते’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही, डोळ्यांतूनही नाही. डिस्चार्ज कार्डवर छेद कसा होता, टाका कसा दिसला आणि पुढच्या गरोदरपणात त्याचा अर्थ काय, हे त्यांनी पुढचा कोणताही डॉक्टर वाचू शकेल असं लिहिलं आहे. त्या रात्री सलाईनवरून जे झालं त्याबद्दल मी विचारण्याआधीच त्यांनी माफी मागितली.

ज्यांना डॉक्टरांनी फक्त मान डोलवावी असं वाटतं, त्यांना या मॅडम जड जातील. त्या अवघड आकडे सांगतात, विरोधी मत स्वच्छ देतात, आणि भेटीला वेळ लागत असल्यामुळे बाहेर ताटकळावं लागतं. ज्यांना ठरवून सिझर हवं आहे त्यांच्याशीही त्या अशाच बसून बोलतात. माझ्यासमोर प्रतीक्षेत बसलेल्या एका ताईंना पहिल्याच खेपेला सिझर हवं होतं, आणि ‘नॉर्मलला घाबरता का’ असं न ऐकवता माझं ऐकून घेणाऱ्या ह्या पहिल्याच, असं त्या सांगत होत्या.

हॉस्पिटलला मी लेखी कळवलं आहे की असा कागद केसपेपरच्या पहिल्या पानावर, वेगळ्या रंगात लावावा आणि ड्युटी बदलताना तो मोठ्याने वाचला जावा. लावतो, असं उत्तर आलं. नाव घालायला जाल तेव्हा मॅडमबद्दल चौकशी करायची गरज नाही. ज्या रात्री त्या नसतील त्या रात्री तुमचा कागद कोण वाचणार, एवढं विचारा, आणि जे नाव सांगतील ते त्याच कागदावर लिहून घ्या.